चाळणी

केकचा तो तुकडा मी कागदी रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला, दोन मजले खाली उतरले आणि जिथे मला कुणी ओळखत नाही त्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. वरून हात पुसायचे दोन-तीन कागद टाकले, दिसू नये म्हणून. मग हात धुतले, साबण लावून, दोनदा. आरशात पाहिलं नाही. वर येऊन जागेवर बसले तर पर्समधून व्हॅनिलाचा वास येत होता, तो संध्याकाळपर्यंत येत राहिला.

केक आणला होता आमच्या टीममधल्या सगळ्यात लहान मुलीने. खास माझ्यासाठी. डब्याच्या झाकणावर कागद चिकटवून माझं नाव लिहिलेलं, आत चर्मपत्रासारखा कागद घालून त्यावर एकच जाड तुकडा. "ताई, हा फक्त तुमचा. तांदळाचं पीठ आणि बदामाचं पीठ. गव्हाचा कणसुद्धा नाही, बेकिंग पावडरचं लेबलही वाचलंय मी." रात्री एक वाजेपर्यंत जागली होती म्हणे. पहिला केक मधोमध खचला, दुसऱ्याची वाळू झाली, तिसरा जमला. आजूबाजूचे चार जण कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, आत्ताच जेवले गं, संध्याकाळी कॉफीबरोबर निवांत खाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुर्ची फिरवून विचारलं, "कसा झाला होता?"

"मस्त," मी म्हटलं. "अगदी हलका."

खोटं बोलण्याचं मला फार वाईट वाटलं नाही, खरं सांगते. या आजारात माणूस लहानसहान खोटं बोलायला शिकतोच. 'नुकतंच खाल्लं', 'पोट भरलंय', 'मला गोड फारसं आवडत नाही'. मला गोड अतोनात आवडतं. पण तो 'हलका' शब्द मला खुपत राहिला. 'मस्त' म्हणून थांबता आलं असतं. मी न चाखलेल्या पदार्थाला विशेषण दिलं होतं, आणि ते ऐकून तिचा चेहरा असा काही उजळला की ते परत घ्यायची सोयच उरली नाही.

तिने सांगितलेल्या यादीत आक्षेप घेण्यासारखं काहीही नव्हतं. माझा जीव अडकला होता तो यादीत नसलेल्या गोष्टींत. पीठ कुठल्या भांड्यात फेटलं? लाकडी चमचा होता का? ज्या टिनमध्ये भाजलं, त्याच्या कोपऱ्यांत मागच्या महिन्यातल्या केकचं काय काय वाळून बसलं असेल? ही मुलगी दर पंधरा दिवसांनी काहीतरी भाजून आणते, म्हणजे तिच्या ओट्यावर, कपाटाच्या कडीवर, मापाच्या कपात मैदा असणारच. हे सगळं तिला विचारता आलं असतं. पण रात्री एकपर्यंत जागलेल्या माणसाला "तुझं टिन वेगळं होतं का गं?" असं विचारणं म्हणजे त्याच्या स्वयंपाकघराची झडती घेण्यासारखंच. माझ्याने ते झालं नाही. केक फेकणं त्यापेक्षा सोपं वाटलं, यावरून माझ्याबद्दल काय ते कळतं.

मला सिलिअ‍ॅक आहे हे कळलं तेव्हा मी 34 वर्षांची होते. त्याआधी दोन वर्षं लोहाच्या गोळ्या खात होते आणि रक्तातलं लोह काही वर चढत नव्हतं. दमणूक, फुगलेलं पोट, तोंडात सारखे येणारे फोड, या सगळ्याला 'ताण' हे एकच उत्तर मिळायचं, आणि ताण कुणाला नसतो, म्हणून मीही ते मान्य केलं होतं. शेवटी एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली, मग एंडोस्कोपी, मग बायोप्सी. अहवालाच्या पाठीमागे त्यांनी पेनाने दोन चित्रं काढली. एकात उंच दाट गवत, दुसऱ्यात कापलेलं गवत. लहान आतड्याला आतून बोटांसारखे बारीक अंकुर असतात, अन्नातलं सत्त्व त्यांच्यातूनच रक्तात जातं. ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं एक प्रथिन, पोटात गेलं की माझीच रोगप्रतिकारशक्ती चवताळते आणि त्या अंकुरांवर तुटून पडते. माझे झिजून सपाट झाले होते. औषध नाही. गहू, जव आणि राय या तीन धान्यांतलं काहीही, कुठल्याही रूपात, उरलेल्या आयुष्यात खायचं नाही, एवढाच इलाज. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो आणि त्यातल्या बहुतेकांना तो आहे हे ठाऊकही नसतं. आमच्या कार्यालयात तीनशे माणसं आहेत. लिफ्टमध्ये उभी असताना मी कधीकधी चेहरे बघते आणि मनात म्हणते, उरलेले दोघं कोण असतील?

घर एका रविवारात सुधारलं. टोस्टर देऊन टाकला. लाकडी चमचे, चरे पडलेला कापायचा बोर्ड, जुना तवा, पिठाची चाळणी, जे जे धुऊन खात्रीने निघत नाही ते सगळं एका खोक्यात भरून बाहेर गेलं. रडू आलं ते लाटण्याला हात लावताना, ते आईने दिलेलं होतं. पण घर माझं असल्यामुळे नियमही माझे. कार्यालयाला असं खोक्यात भरता येत नाही.

आमची पॅन्ट्री म्हणजे एक लांबट खोली. दोन मायक्रोवेव्ह, एक फ्रिज, एक टोस्टर, एक सिंक, कॉफीचं यंत्र. आधी मला ती नुसती खोली दिसायची. आता तिथे मला चुरा दिसतो. सकाळी साडेनऊला ओटा चकचकीत असतो. दहा वाजता पहिला पाव भाजला जातो आणि टोस्टरभोवती सोनेरी भुग्याचं रिंगण पडतं. कुणीतरी ते तळहाताने खाली झटकतं, त्याच हाताने फ्रिजचं दार उघडतं. बटरची सुरी पावावरून फिरते आणि परत डब्यात बुडते. बाहेर येते तेव्हा बटरवर चार तपकिरी ठिपके राहिलेले असतात. जॅमच्या बरणीच्या काठावर तेच. अकराच्या सुमाराला बिस्किटांचा पुडा फिरतो, कॉफीच्या यंत्राच्या बटणावर बोटं उमटतात. दीड वाजता सिंकमधली ती एकुलती एक स्पंजची घासणी सगळ्यांचे डबे घासते, आणि तिच्या भोकाभोकांत दिवसभराचं सगळं जेवण साठत जातं. चुऱ्याला पाय नसतात म्हणतात. नसतील, पण त्याला हात असतात, आपल्या सगळ्यांचे.

साथीच्या काळापासून दाराशी जंतुनाशक जेलची बाटली आली आहे. त्याने एक नवीनच घोळ झाला. लोक हातावर जेल चोळतात आणि विश्वासाने मला काहीतरी देऊ करतात, "हात स्वच्छ आहेत हं माझे." जेल जंतूंना मारतं. ग्लूटेन हे प्रथिन आहे, ते जिवंतच नसतं, तर मरणार काय? ते नुसतं पसरतं. त्याला फक्त साबण-पाण्याने धुऊन काढता येतं. भट्टीतल्या उष्णतेनेही ते जात नाही, म्हणून "मायक्रोवेव्हमध्ये खूप गरम करून घ्या ना" हा सल्लाही कामाचा नाही. हे मी पहिल्या वर्षी तळमळीने समजावून सांगायचे. दुसऱ्या वर्षी थोडक्यात सांगायचे. आता हसून "नको, थँक्यू" म्हणते.

किती कण म्हणजे जास्त, हा प्रश्न मला अनेक रात्री छळत असे. शोधता शोधता 2007 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सापडला. पथ्यावर नीट चाललेल्या 49 रुग्णांना तीन महिने रोज एक कॅप्सूल द्यायची, कुणाच्यात 50 मिलिग्रॅम ग्लूटेन, कुणाच्यात 10, कुणाच्यात काहीच नाही. पन्नासवाल्यांच्या आतड्याची अवस्था बिघडली. पावाच्या एका स्लाइसमध्ये ग्लूटेन दोन ग्रॅम किंवा त्याहून जास्तच असतं. म्हणजे स्लाइसचे चाळीस तुकडे करायचे आणि त्यातला एक रोज खायचा, आतडं बिघडायला एवढंही पुरतं. वेष्टनावर 'ग्लूटेन-फ्री' छापायला किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं, तो आकडा मला आधी हट्टीपणाचा वाटला होता, मग वाटेनासा झाला. त्या रात्री मी खरोखरच एक चौकोन कागदावर काढून त्याचे चाळीस भाग केले. शेवटचा भाग करंगळीच्या नखाएवढा आला. त्या नखाएवढ्या चौकोनाचा भुगा करून तो आमच्या ओट्यावर टाकला, तर कुणाला दिसेल?

गंमत म्हणजे ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरत होते, तो टोस्टर. चार वर्षं मी त्याच्याकडे खुन्याकडे पाहावं तसं पाहिलं. त्याच्याशेजारी डबासुद्धा ठेवला नाही. आणि 2020 मध्ये अमेरिकेतला एक छोटासा अभ्यास आला, सामाईक टोस्टरमध्ये ग्लूटेन-विरहित पाव भाजला तर त्यात किती ग्लूटेन उतरतं ते त्यांनी मोजलं होतं. फारच थोडं उतरलं, सगळे नमुने त्या 20 च्या मर्यादेच्या आत. उलट नेहमीचा पास्ता उकळलेल्या पाण्यात आमच्यासारख्यांचा पास्ता उकळला, तर मात्र आकडे भलतेच वर गेले. वाचून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं ते ओशाळवाणं. चार वर्षं भलत्याच आरोपीवर पाळत ठेवली होती म्हणायचं. तरीही मी तो टोस्टर वापरत नाही. अभ्यास छोटा होता हे एक कारण, आणि मन एकदा विटलं की आकडे दाखवून ते परत वळत नाही हे दुसरं, खरं कारण.

हळूहळू माझी एक व्यवस्था बसली. फ्रिजमध्ये माझी जागा सगळ्यात वरच्या फळीवर, कारण चुरा वरून खाली पडतो, खालून वर चढत नाही. डब्यांना निळी चिकटपट्टी, माझ्या बटरलाही. माझी सुरी, माझी घासणी टेबलाच्या खणात. मायक्रोवेव्हमध्ये डब्यावर घट्ट झाकण, खाली माझी स्वतःची ताटली. एकदा सगळ्यांना मेलही पाठवला होता, नम्र, मुद्देसूद, दोन चित्रांसह. त्याला अकरा जणांनी अंगठा दाखवला आणि त्याच दुपारी निळ्या पट्टीच्या बटरमध्ये तपकिरी ठिपके आले. सगळा डबा फेकताना एक नवीन मुलगा बघत होता. "मॅडम, वरचं तेवढं काढून टाकलं असतं तर?" त्याचं बरोबरच होतं, कुठल्याही शहाण्या माणसाला हेच सुचेल. मी काहीतरी पुटपुटले. त्याने ते बटर खाल्लं होतं की नाही मला माहीत नाही, पण त्यानंतर कितीतरी दिवस मी पॅन्ट्रीत आले की तो बाहेर जायचा.

मेलने झालं नाही ते पॅन्ट्री सांभाळणाऱ्या मावशींनी केलं, आणि मी त्यांना काही सांगितलंही नव्हतं. एके दिवशी लवकर आले तेव्हा पाहिलं. त्या धुतलेला नवा फडका घेऊन आधी माझी फळी पुसत होत्या, मग माझ्या कोपऱ्यातला ओटा, मग मायक्रोवेव्ह, आणि सगळ्यात शेवटी टोस्टरची बाजू. मी विचारलं, "मावशी, रोज असंच करता?" त्या म्हणाल्या, "मग काय. आधी तिकडनं पुसलं तर तेच सगळं तुमच्याकडं येणार ना." मी दोन चित्रं काढून जे समजावू शकले नव्हते ते या एका वाक्यात होतं. त्यांना ग्लूटेन हा शब्द माहीत नाही. फडक्याला आठवण असते, हे मात्र त्यांना पक्कं माहीत आहे.

"थोडंसं चालत नाही का?" हा प्रश्न आता मला खुपत नाही. "डाएट का?" हा खुपतो. ग्लूटेन न खाणं मधल्या काळात फॅशनचं झालं, त्याचे माझ्यावर उपकारही आहेत. दुकानात बिस्किटं मिळू लागली, लेबलं सुधारली, उपाहारगृहातला माणूस निदान शब्द ऐकून चमकत नाही. पण त्याच फॅशनमुळे माझा आजार हौसेच्या रांगेत जाऊन बसला. हौस म्हणून सोडलेली गोष्ट वाढदिवसाला खाता येते, सोमवारपासून परत सोडता येते. त्यामुळे माझं 'नको' लोकांना लवचीक वाटतं. ते प्रेमाने थोडं वाकवून बघतात, आणि मला प्रत्येक वेळी त्या प्रेमासमोर काठीसारखं ताठ उभं राहावं लागतं.

एकदा चुकले. बैठकीनंतरचं जेवण होतं, मी फक्त सूप घेतलं, भाज्यांचं, साधं. दाट होतं. ते कशाने दाट झालंय हे विचारायला हवं होतं, पण शेजारी वरिष्ठ बसले होते आणि मला त्या दिवशी 'ती खाण्याची कटकट असलेली बाई' व्हायचं नव्हतं. दोन तासांत पोटात पीळ पडला. ओकाऱ्या झाल्या, हे फार नव्हे. पुढचे दोन दिवस डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं झालं ते भयंकर. पडद्यासमोर उभी राहून बोलताना मला 'अंदाजपत्रक' हा शब्द आठवेना. वीस माणसं वाट बघताहेत आणि मी हाताने हवेत चौकोन काढतेय. सूप फुलपात्रभर होतं, त्यात मैदा असेल तर चमचाभर. आणि तरीही मी नशीबवान, असं डॉक्टर म्हणाले. मला निदान कळतं. काहींना काहीच होत नाही, ना पीळ ना ओकारी, आणि आत गवत गुपचूप कापलं जात असतं. म्हणून या आजारात 'खाल्लं आणि काही झालं नाही' याला फारसा अर्थ नसतो.

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच माझ्या अंगावर येणार आहे.

या सगळ्यात माझं काय बदललं म्हणाल, तर नजर. मी आता माणसांचे चेहरे नंतर बघते, हात आधी. कुणी माझ्या कीबोर्डवर वाकून काही दाखवायला लागलं की मी त्याची बोटं बघते, नखांच्या कडा बघते. सामाईक जेवणात चिमटा कुठून कुठे जातो ते बघते, बोलण्याकडे माझं अर्धंच लक्ष असतं. लहानपणी आई पीठ मळता मळता मध्येच माझ्या केसांवरून हात फिरवायची आणि मग दिवसभर माझ्या भांगात पांढरी रेघ असायची. शाळेत पोरी हसायच्या. ती रेघ पुसायला माझा हात कधी वर गेला नाही, कारण तिला आईच्या हाताचा वास असायचा, ओल्या पिठाचा, किंचित आंबूस, उबदार. आता आई घरी आली की दारातच म्हणते, "थांब, हात धुऊन येते," आणि बेसिनवर इतका वेळ हात धुते की मला आतून काहीतरी होतं. मग येते आणि माझ्या डोक्यावर ओला, साबणाचा वास येणारा हात ठेवते.

या आजाराचा इतिहास मी हवा तेवढा वाचलाय, कारण झोप येत नाही तेव्हा माणूस वाचतो. 1924 साली सिडनी हास नावाच्या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी जाहीर केलं की या मुलांना केळ्यांवर ठेवलं की ती बरी होतात. त्यांच्या पथ्यात पाव, बिस्किटं नव्हतीच, केळी मात्र पोटभर. खंगलेली मुलं खरोखरच भरली, गाल वर आले. हास यांना वाटलं, ही केळ्याची करामत. पुढची कितीतरी वर्षं जगभर मुलांना केळी चारली गेली, त्यातली पुष्कळ वाचलीही. पण करामत केळ्याची नव्हती, न खाल्लेल्या पावाची होती. 'बरी झाली' म्हणून पुन्हा पाव सुरू केला की दुखणं परत यायचं. खरा धागा सापडला तो हॉलंडमध्ये. डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय 1930 च्या दशकापासूनच होता. 1944-45 च्या हिवाळ्यात तिथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. आजूबाजूची माणसं खंगत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा ढासळली. 1950 मध्ये डिके यांनी गव्हाबद्दलचं आपलं म्हणणं प्रबंधात मांडलं. मला या गोष्टीत डिके यांच्यापेक्षा हास जास्त छळतात. डोळ्यांसमोर मुलं बरी होताहेत, आया हात जोडताहेत, आणि तरीही कारण चुकीचं. इतका धडधडीत पुरावा समोर असताना त्यांना कुणी कसं अडवणार होतं?

महिन्याभराने तिने पुन्हा केक आणला. या वेळी डबा मोठा होता.

"ताई, आज आख्खा आणलाय. मागचा तुम्हाला इतका आवडला ना." मग खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाली, "आणि मला तुम्हाला एक सांगायचं होतं. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, सहा वर्षांचा. त्याला पण तेच निघालंय गेल्या आठवड्यात. बहीण रडत होती फोनवर, म्हणत होती आता याने वाढदिवसाला काय कापायचं. मी म्हटलं, अजिबात काळजी करू नकोस, केक मी करणार. आमच्या ताईंना चालतो, त्यांनी खाल्लाय, त्यांना काहीसुद्धा झालं नाही."

मी डब्याकडे बघत राहिले. केक सुंदर झाला होता. वर बदामाचे काप, कडा सोनेरी. माझ्या दोन मजले खालच्या कचऱ्याच्या डब्यातून निघून तो तुकडा फिरत फिरत एका सहा वर्षांच्या मुलाच्या ताटलीपर्यंत जाऊन पोचला होता, आणि जाताना माझी शिफारस घेऊन गेला होता. 'अगदी हलका.'

"मी नव्हता खाल्ला तो," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"टाकून दिला. खाली जाऊन."

ती रागावेल असं वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली, आणि मग तिचे कान हळूहळू लाल झाले. "मग तुम्ही हलका म्हणालात ते?" तिने विचारलं. सगळ्यात आधी तिने हेच विचारलं. मला उत्तर नव्हतं. नंतर मी जे बोलले ते मी महिन्याभरापूर्वी बोलायला हवं होतं, आणि आता ते फार वेगाने, तुटक तुटक बाहेर येत होतं. टिन, फेटायचं भांडं, लाकडी चमचा, ओटा. ती प्रत्येकाला उत्तर देत गेली, आधी फुरंगटून, मग विचार करून. टिन काचेचं. भांडं स्टीलचं, आधी घासलेलं. चमचा सिलिकॉनचा. ओट्यावर वर्तमानपत्र घातलेलं. मला वाटू लागलं की मी एक अगदी निर्दोष केक फेकला, आणि हे वाटणं त्या दिवसातलं सगळ्यात वाईट होतं. शेवटी विचारायचं म्हणून विचारलं, "पीठ चाळून घेतलं होतंस?"

"हो, तीनदा. नाहीतर गुठळ्या होतात."

"कशाने?"

ती उत्तर द्यायला तोंड उघडून थांबली.

दुपारी तो केक टीमने खाल्ला आणि फार वाखाणला. ती टेबलापाशी आली नाही. संध्याकाळी माझा निरोप न घेता गेली. मला बरं वाटलं नाही, आणि खोटं कशाला सांगू, आतल्या एका कोपऱ्यात जिंकल्यासारखंही वाटलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती सरळ माझ्या टेबलाशी. हातात बंद होणारी प्लास्टिकची पिशवी, आत तारेच्या जाळीची गोल चाळणी. "आईची आहे," ती म्हणाली. "मी रात्री धुतली. आधी थंड पाण्याने, मग गरम, मग ब्रशने. गरम पाण्याने उलट जास्त चिकटलं." ते होणारच होतं. ग्लूटेन या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी सरस, चिकटवायचा. मैद्याला पाणी लागलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरतात, म्हणून तर पाव फुगतो आणि तुटत नाही, आणि म्हणूनच ते जाळीच्या तारांनाही धरून बसतं. पण हे मी तेव्हा बोलले नाही.

तिने पिशवी न उघडताच चाळणी खिडकीसमोर उचलून धरली. उजेड आरपार आला. बहुतेक भोकं स्वच्छ होती, चौकोनी, बारीक. कडेला, जिथे जाळी पत्र्याच्या पट्टीत मुडपून बसवलेली असते, तिथे मात्र सगळीकडून एक पांढरी, दाट रेघ होती, आणि मधेही इथे तिथे बुजलेले चौकोन. आम्ही दोघी मान वर करून बघत होतो. मावशी फडका घेऊन मागून चालल्या होत्या, त्याही थांबल्या, त्यांनीही बघितलं.

"हे निघायचं नाही," मावशी म्हणाल्या. "पोरासाठी नवीन घे."

"घेते," ती म्हणाली. मग पिशवी खाली घेऊन माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तुमच्यासाठी मी आता काही आणणार नाहीये. इतक्यात तरी."

मी म्हटलं, "बरं." खणातून केळं काढलं आणि अर्धं तिच्यापुढे धरलं. तिने आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग सिंककडे गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.